देवळं मोजू नका, भिंती वाचा: मैत्रीण, मी आणि अंगकोर

शेवंती

जायचं ठरलं ते एका ठिपक्यामुळे. माझी मैत्रीण शाळेत गणित शिकवते. कंबोडियात एक शिलालेख आहे, त्यावर शके 605 हा काळ आकड्यांत कोरलाय आणि मधल्या शून्याच्या जागी नुसता एक ठिपका दिलाय, हे तिनं कुठंतरी वाचलं आणि रात्री साडेदहाला मला फोन केला. "अगं, शके म्हणतात ते! आपल्या पंचांगातलं शके!" तिचा आवाज असा होता की नाही म्हणणं शक्यच नव्हतं. नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही दोघी निघालो. सहा दिवस अंगकोरला (ख्मेर राजांची जुनी राजधानी, सिएम रीप गावाजवळची) आणि मग दोन दिवस राजधानी प्नॉम पेन्हला, कारण तो ठिपका तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे करतात तेच केलं. सकाळी रेमॉर्कमध्ये बसलो (दुचाकीला जोडलेली छपराची गाडी, तिथली टुकटुक) आणि संध्याकाळपर्यंत पाच देवळं पाहिली. रात्री फोटो बघायला बसलो तर कुठली चौकट कुठल्या देवळाची हे दोघींनाही सांगता येईना. मैत्रिणीनं फोन बाजूला ठेवला आणि म्हणाली, "उद्यापासून दिवसाला दोनच. आणि प्रत्येक ठिकाणी एक भिंत पुरी वाचायची." माझ्या मते आमच्या सहलीचं जे काही सोनं झालं ते या एका वाक्यानं. म्हणून हा धागा.

अंगकोर वाट दुसऱ्या सूर्यवर्मन राजानं 12व्या शतकाच्या पूर्वार्धात बांधायला घेतलं, विष्णूसाठी. पुढे ते बौद्धांचं झालं आणि आजही तिथं भिक्षू दिसतात. भोवतीचा खंदक 190 मीटर रुंद आहे. पहाटे पाचला दार उघडतं. डावीकडच्या तळ्याकाठी शेकडो माणसं काळोखात पाण्याकडे तोंड करून उभी असतात, कारण देऊळ पश्चिमाभिमुख आहे आणि सूर्य त्याच्या पाठीमागून वर येतो. आम्हीही उभ्या राहिलो. आधी शिखरांच्या काळ्या आकृत्या, मग जांभळट आकाश, मग पाण्यातली उलटी शिखरं. सुंदरच आहे ते, टाळू नका. पण खरी गंमत त्यानंतर. सूर्य वर आला की बहुतेक गर्दी नाश्त्याला परत फिरते. त्या वेळी तुम्ही आत शिरायचं आणि थेट मागच्या, म्हणजे पूर्वेच्या ओवरीत जायचं.

तिथं समुद्रमंथन आहे. 49 मीटर लांब, एका सलग भिंतीवर. सकाळची तिरकी उन्हं खांबांमधून आत येतात आणि उथळ कोरीव काम एकदम उठून दिसायला लागतं. वासुकीच्या तोंडाकडे 92 दानव, शेपटीकडे 88 देव, मध्ये विष्णू आणि खाली कूर्म. हे आकडे पुस्तकातले. मैत्रिणीला ते स्वतः मोजल्याशिवाय पटणार नव्हते. ती दानवांच्या बाजूनं निघाली, मी देवांच्या, आणि मध्ये विष्णूपाशी भेटायचं ठरलं. ती आली ती 91 घेऊन. पुन्हा गेली, 92 झाले. "एकाच्या मागे एक दडलाय," म्हणाली. मग मला तो दडलेला दाखवायला घेऊन गेली.

मोजता मोजता जे दिसलं ते मी एरवी बघितलंच नसतं. सगळ्यात खाली समुद्राचा पट्टा आहे, त्यात मासे, मगरी, नाग. कडेचे मासे निवांत पोहताहेत. जसजसे मंदराचलाजवळ जावं तसतशी दाटी वाढते आणि अगदी मध्ये तर मासे चक्क दोन तुकडे झालेले आहेत, घुसळणीच्या माऱ्यानं. लहानपणापासून समुद्रमंथन ऐकलं, चौदा रत्नं पाठ केली, पण त्या पाण्यातल्या माशांचं काय झालं असेल हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराच्या मनात तो आला होता. मी तिथं खाली जमिनीवरच बसले. मैत्रीण शेजारी येऊन बसली. बराच वेळ आम्ही काहीच बोललो नाही.

पश्चिमेच्या ओवरीत एका बाजूला कुरुक्षेत्र आणि दुसऱ्या बाजूला लंकेचं युद्ध. कुरुक्षेत्रात शरपंजरी भीष्म शोधा, सापडतात. अर्जुनाच्या रथावर चार हातांचा सारथी दिसला की कृष्ण. लंकेत हनुमानाच्या खांद्यावर उभा राम आणि समोर वीस हातांचा रावण. आजूबाजूला माहितीपत्रकात तोंड घालून उभी असलेली माणसं होती आणि आम्ही दोघी लहान मुलींसारख्या "हा बघ, हा बघ" करत पुढे चाललो होतो. एका जोडप्यानं हळूच विचारलं, हा बाणांवर झोपलेला कोण? मैत्रिणीनं त्यांना भीष्मप्रतिज्ञेपासून सुरुवात करून अख्खी गोष्ट सांगितली. पाऊण तास. त्यांनी शेवटी तिचा हात दोन्ही हातांत धरला.

बायोन देवळाची तऱ्हाच वेगळी. ते सातव्या जयवर्मनचं, 12व्या शतकाच्या अखेरीचं. मनोऱ्यांवरचे ते प्रचंड हसरे चेहरे सगळ्यांनी फोटोत पाहिलेले असतात. आम्ही मात्र खालच्या बाहेरच्या भिंतीवरच जास्त रमलो. तिथं देव कमी आणि माणसं जास्त. बाजारात तराजू धरून बसलेल्या बायका, कोंबड्यांची झुंज, पटावरचा खेळ, बाळंतीण, मोठ्या कढईत घातलं जाणारं डुक्कर. शेजारच्या चंपा राज्यातल्या चाम लोकांशी झालेली होड्यांमधली लढाई आणि पाण्यात पडलेल्यांची वाट बघणाऱ्या मगरी. आणि कूच करणाऱ्या सैन्यामागे निघालेल्या गोतावळ्यात एकाच्या हातात कासव आहे, ते पुढच्या माणसाच्या पार्श्वभागाचा चावा घेतंय आणि तो माणूस मान वळवून रागानं मागे बघतोय! मैत्रीण इतकी हसली की तिला भिंतीपासून दूर जाऊन पाणी प्यावं लागलं. त्या संध्याकाळी मधूनच तिला ते कासव आठवायचं आणि पुन्हा सुरू.

बांतेय स्रेई मुख्य देवळांपासून 25 किलोमीटरवर आहे, ईशान्येला. अर्धा दिवस काढून जा, अगदी काहीही झालं तरी जा. गुलाबी वालुकाश्मातलं छोटंसं शिवमंदिर, 22 एप्रिल 967 ला प्रतिष्ठा झालेलं, म्हणजे शके 889. राजानं नव्हे, यज्ञवराह नावाच्या राजगुरूनं बांधवलेलं. रावण कैलास हलवतोय, पार्वती शंकराला बिलगलीय, खाली प्राणी सैरावैरा पळताहेत. दुसऱ्या एका दर्शनी पटावर खांडववनाची गोष्ट आहे. वर ऐरावतावर इंद्र, आणि त्यानं सोडलेला पाऊस म्हणजे दगडात ओढलेल्या तिरक्या बारीक समांतर रेघा. दगडात पाऊस! त्याच्याखाली कृष्णार्जुनांनी बाणांचं छत धरलंय आणि त्या छताखाली जंगल. मैत्रीण मान वर करून एवढा वेळ उभी होती की शेवटी मी तिची मान चोळून दिली.

बाकीचं पटकन: ता प्रोहमची झाडं, प्रेअ खानच्या लांबच लांब ओवऱ्या, प्रे रूपवरून सूर्यास्त, न्याक पोआनचं पाण्यातलं बेट. सगळं आवडलं. पण मनात घर केलं ते त्या तीन भिंतींनी.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं सांगते.

---

पाऊलवाट

शेवंतीताई, मजा आली वाचताना. आम्ही दोघं मित्र फेब्रुवारीत जायचं म्हणतोय. पास किती दिवसांचा घ्यावा? तीन दिवस पुरतील का?

---

शेवंती

@पाऊलवाट, एक दिवसाचा पास 37 डॉलर, तीन दिवसांचा 62, सात दिवसांचा 72. आम्ही गेलो तेव्हा हे दर होते. तीन आणि सातमध्ये फक्त दहाचा फरक आहे, त्यामुळे चार दिवस जरी राहणार असाल तरी सातचाच घ्या. आणखी एक सोय म्हणजे तीन दिवसांचा पास सलग वापरावा लागत नाही, दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतात. सातचा महिनाभर चालतो. मध्ये एक दिवस पाय पसरून नुसतं बसता येतं, आणि ते फार गरजेचं आहे. पासवर तुमचा फोटो छापतात. प्रत्येक पासातले दोन डॉलर तिथल्या कांथा बोफा या मुलांच्या रुग्णालयाला जातात, ते ऐकून आम्हाला बरं वाटलं.

फेब्रुवारी कोरडा असतो, फिरायला छान. एप्रिलकडे उन्हाचा कहर होतो. नोव्हेंबरचा फायदा हा की पाऊस नुकताच सरलेला असतो, खंदक आणि तळी तुडुंब असतात.

---

ओसरी

कपड्यांबद्दल खूप ऐकलंय. आणि वरच्या टप्प्यावर जायचा जिना अवघड आहे म्हणतात, ते खरं का? माझे गुडघे थोडे कुरकुरतात.

---

शेवंती

@ओसरी, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. नुसती ओढणी खांद्यावर टाकलेली वरच्या टप्प्याला चालत नाही, बाह्यांचा कपडाच घाला. सुती कुर्ता आणि सैल सलवार, याहून सोयीचा वेष नाही.

वरच्या टप्प्याला बाकान म्हणतात. मूळ दगडी पायऱ्या म्हणजे जवळजवळ शिडीच आहे. आता त्यावर लाकडी जिना आणि कठडे बसवलेत, एका वेळी ठराविकच लोकांना वर सोडतात. चढ तरीही उभा आहे. गुडघ्यांना त्रास होत असेल तर सरळ सोडून द्या, कारण खालच्या ओवऱ्या सपाट आहेत आणि खरा खजिना तिथंच आहे.

यात एक गोष्ट सांगायलाच हवी. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा बाकान बंद! बौद्धांच्या उपोसथाच्या दिवशी तो पर्यटकांना बंद असतो. मैत्रीण हिरमुसली, पण दोन मिनिटांनी तिनं फोनवर पंचांग उघडलं आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं, आज अष्टमी!" उपोसथ म्हणजे दोन्ही पक्षांतल्या अष्टम्या, पौर्णिमा आणि अमावास्या. तेव्हा जायच्या आधी दिनदर्शिकेत तिथ्या बघून घ्या. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणीही विचारा. आम्ही दशमीला पुन्हा गेलो आणि वरून ते अख्खं रान पाहिलं.

---

रानवारा

पश्चिमेकडे तोंड का, यावर तिथं कोणी काही सांगितलं का? बाकीची बहुतेक ख्मेर देवळं पूर्वाभिमुख आहेत ना?

---

शेवंती

@रानवारा, हो, बहुतेक पूर्वाभिमुखच. आमच्या वाटाड्यानं दोन्ही मतं सांगितली. एक असं की पश्चिम दिशा विष्णूशी जोडलेली आहे. दुसरं असं की हे राजाचं स्मारक म्हणून योजलं होतं, आणि त्याचा पुरावा म्हणजे भिंतींवरच्या कथा उलट्या प्रदक्षिणेनं, देवळाला डावी घालत वाचत जाव्या लागतात. आपल्याकडेही उलटी प्रदक्षिणा कधी घालतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. मला दुसरं मत चालता चालता पटत गेलं, कारण पाय आपोआप त्याच दिशेला ओढले जातात. चित्रातली युद्धं, मिरवणुका सगळं तिकडेच सरकतंय.

आणि पश्चिमेच्या गोपुरात शिरलात की उजवीकडे वळायला विसरू नका. तिथं आठ हातांचा मोठा विष्णू उभा आहे. स्थानिक लोक त्याला ता रीच म्हणतात, पिवळं वस्त्र नेसवतात, उदबत्त्या लावतात. आम्ही गेलो तेव्हा एक नवरानवरी आशीर्वाद घ्यायला आली होती. आम्हीही उदबत्ती लावली.

---

घुंगुरमाळ

मी सहा वर्षांपूर्वी एका मैत्रिणीबरोबर गेले होते. शेवंती, तुम्ही ता प्रोहम एका ओळीत संपवलंत, मला ते थोडं टोचलं, म्हणून मी लिहिते.

ते 1186 चं, जयवर्मननं आईसाठी बांधलेलं. मूळ नाव राजविहार. तिथल्या शिलालेखात नोंद आहे की देवळाच्या आवारात 12,640 माणसं राहत आणि त्यांत 615 नर्तकी होत्या. मी स्वतः नृत्य शिकते, त्यामुळे त्या आकड्यानं माझ्या अंगावर काटा आला. आज तिथल्या भिंतीवर बसलेली झाडाची मुळं म्हणजे वितळलेलं मेण ओघळावं तशी दिसतात. झाड काढलं तर भिंत कोसळते, झाड ठेवलं तर भिंत हळूहळू फुटते, अशी अडचण आहे. तिथल्या जतनाच्या कामात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा वाटा आहे, तसे फलकही पाहिले. एकेका दगडावर क्रमांक घालून मांडून ठेवलेले होते, परत जागच्या जागी बसवायला.

आणखी एक. त्याच शिलालेखात या राजाच्या राज्यात 102 रुग्णालयं असल्याचा उल्लेख आहे. चेहऱ्यांचे मनोरे सगळ्यांना आठवतात, ही रुग्णालयं कोणाला आठवत नाहीत.

सकाळी साडेसातला दार उघडतं. साडेसातच्या ठोक्याला पोचा. पक्ष्यांचे आवाज, वर झाडांच्या शेंड्यांतून खाली झिरपणारं ऊन आणि आपण दोघी.

---

शेवंती

@घुंगुरमाळ, मनापासून आभार. मला ते एवढं भिडलं नाही याचं कारण आम्ही दुपारी दोनला गेलो, गर्दीत. आता कळतंय काय चुकलं. जाणाऱ्यांनी घुंगुरमाळ यांचंच ऐका.

---

दूरचा दिवा

पैशांचं काय? रिएल घ्यावे की डॉलर? आणि शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

---

शेवंती

@दूरचा दिवा, दोन्ही चालतं. साधारण चार हजार रिएलला एक डॉलर. किंमत डॉलरमध्ये सांगतात, सुटे रिएलमध्ये देतात. एकच काळजी घ्या, डॉलरच्या नोटा कोऱ्या करकरीत न्या. आमच्याकडच्या वीसच्या एका नोटेला कडेला नखाएवढी चीर होती, ती सहा दिवसांत कोणीही घेतली नाही. अगदी हसून, दोन्ही हातांनी परत द्यायचे.

शाकाहारी असाल तर आधी सांगावं लागतं, कारण माशाची चटणी किंवा माशाचं पाणी बऱ्याच पदार्थांत असतं, भाजीतसुद्धा. सांगितलं की करून देतात. मी मासे खाते, त्यामुळे आमोकवर तुटून पडले: नारळाच्या दुधातला मासा, केळीच्या पानाच्या द्रोणात वाफवलेला. मैत्रीण खात नाही. तिच्यासाठी तेच भोपळा आणि आळंबी घालून आलं, आणि तिनं माझ्या द्रोणाकडे एकदाही बघितलं नाही.

बांतेय स्रेईच्या वाटेवर प्रेअ दाक गाव लागतं. रस्त्याकडेला मोठमोठ्या कढयांत ताडाचा रस आटवत असतात. एक आजी लाकडी उलथन्यानं ढवळत होत्या. रंग मधासारखा झाला की कढई खाली उतरवायची, घोटायचं आणि ताडपानाच्या छोट्या कड्यांमध्ये ओतायचं. गार झाल्यावर त्या कड्यातून गूळ वडीसारखा निघतो. त्यांनी कढईच्या कडेला चिकटलेली खरवड काढून आमच्या तळहातावर ठेवली. गरम होती, फुंकर घालत खाल्ली. धुराचा किंचित वास, आणि गोडी जिभेवर रेंगाळणारी.

---

पाऊलवाट

गाडीवाला कसा ठरवलात? रोज नवा की एकच?

---

शेवंती

एकच, सहाही दिवस. मुक्कामाच्या मालकिणीनं ओळखीचा दिला. तुम्हीही तसंच करा. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांना आमचा वेग कळला होता. आम्ही आत शिरलो की ते झाडाखाली गाडी लावायचे, गाडीतच झोळी बांधायचे आणि निवांत झोपायचे. आम्ही दोन तासांनी येणार हे त्यांना ठाऊक! त्यांना आम्ही "बोंग" म्हणायचो. मोठा भाऊ असो की मोठी बहीण, दोघांनाही बोंगच. मग तेही मैत्रिणीला बोंग म्हणायला लागले, आणि ती कितीतरी खूश.

शब्दांवरून आठवलं, हे मुद्दाम लिहायचं होतं. नमस्कारासाठी सुस्दै म्हणतात, त्यात आपलं स्वस्ति आहे. देवळाला प्रासात, म्हणजे प्रासाद. अंगकोर म्हणजे नगर. आणि वार विचारले तर बोंगनी बोटं मोजत सांगितले: आतित, चान, अंगकिया, पुत, प्रोहोआ, सोक, साउ. आदित्य, चंद्र, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र, सौर! अंगारकी चतुर्थी मंगळवारी का, हे वेगळं सांगायला नको. महिने तर थेट राशी आहेत. जानेवारी मकरा, फेब्रुवारी कुम्फा, मार्च मिना, जून मिथुना, डिसेंबर थ्नू म्हणजे धनू. मैत्रिणीनं त्या दिवशी वहीत बाराही लिहून घेतले आणि समोर आपल्या राशी. बोंग शेजारी उभं राहून तिचे उच्चार दुरुस्त करत होते.

अंकांची गंमत याहून भारी. ते पाच-पाचनं मोजतात. एक मुई, दोन पी, तीन बेय, चार बुअन, पाच प्राम. सहा म्हणजे प्राम-मुई, पाच-एक. सात प्राम-पी. एका हाताची बोटं संपली की दुसऱ्या हातावर. गणिताच्या शिक्षिकेला आणखी काय हवं? पुढे बाजारात भाव विचारायला तीच पुढे.

---

ओसरी

दोन मैत्रिणींनीच जाणं सुरक्षित वाटलं का? आणि एवढे दिवस बरोबर राहून भांडणं? (मला माझ्या मैत्रिणीला राजी करायचंय म्हणून विचारते.)

---

शेवंती

@ओसरी, सुरक्षित वाटलं. सिएम रीप छोटं आहे, रात्रीच्या बाजारातून आम्ही चालत परत यायचो. एक पथ्य मात्र पाळा: लांबच्या, रानातल्या देवळांकडे गेलात तर मळलेली पायवाट सोडू नका. युद्धकाळातले सुरुंग देशाच्या काही भागांत अजून काढायचे राहिले आहेत. मुख्य देवळांचा परिसर मोकळा केलेला आहे.

भांडण एकदा झालं, पहाटे साडेचारला, कारण मला अजून अर्धा तास झोपायचं होतं. खंदकाशी पोचेपर्यंत मिटलं. मैत्रिणीला राजी करायचं तर तिला आवडणारं काय आहे ते शोधा. नाच असेल तर अप्सरा दाखवा, एकट्या अंगकोर वाटमध्ये अठराशेच्या आसपास आहेत आणि केशरचना इतक्या तऱ्हांच्या की नजर ठरत नाही. बागकामाची आवड असेल तर ता प्रोहम. माझ्या मैत्रिणीला ठिपका पुरला.

---

रानवारा

त्या ठिपक्याचं तुम्ही सांगितलंच नाहीत की! दिसला का?

---

शेवंती

@रानवारा, दिसला. आज सवडीनं लिहिते.

आधी थोडा इतिहास, जो मैत्रिणीनं सिएम रीपहून प्नॉम पेन्हला जाताना सहा तासांच्या बसमध्ये मला सांगितला. हा शिलालेख मेकाँग नदीकाठच्या सांबोरचा, 19व्या शतकाच्या अखेरीला मिळालेला. त्याला के-127 असा क्रमांक आहे. 1931 मध्ये जॉर्ज सेदेस या फ्रेंच अभ्यासकानं त्यातल्या शून्याचं महत्त्व जगापुढे मांडलं. शून्य युरोपातून किंवा अरबांकडून पूर्वेला आलं असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर होतं. मग 1970च्या दशकातल्या ख्मेर रूज राजवटीच्या काळात तो कुठं गेला ते कळेनासं झालं. आमिर अक्झेल नावाच्या गणिताच्या लेखकानं पाठपुरावा केला आणि 2013 मध्ये तो अंगकोरच्या पुरातन वस्तूंच्या कोठारात सापडला. तिथून तो राष्ट्रीय संग्रहालयात आला.

संग्रहालयाची इमारत लाल रंगाची, मध्ये चौक, चौकात कमळांची तळी. मैत्रीण वाटेतल्या एकाही मूर्तीपाशी थांबली नाही. सहा दिवस जिनं मला प्रत्येक भिंतीपाशी तासभर उभं केलं तीच आता भरभर चालत होती. दगड लालसर आहे, वरचा भाग तुटलेला. अक्षरं जुन्या ख्मेरमधली, ओळी सरळ आणि बारीक. मजकुराचा अर्थ असा की शके 605, वद्य पंचमी. म्हणजे इसवी सन 683.

तिनं वहीत आकार आधीच काढून आणला होता, त्यामुळे लगेच सापडला. एक वळणदार खूण, ती सहा. मग ठिपका. मग पाच. ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढाही नसेल. कोणीतरी छिन्नीचं टोक टेकवून एकदाच ठोकलं असावं तसा.

ती वाकून बघत राहिली. मग वही काढून तिन्ही खुणा पुन्हा काढल्या, या वेळी समोर बघून. काढता काढता पुटपुटत होती, "प्राम-मुई, सोन, प्राम." सोन म्हणजे शून्य, हाही शब्द बोंगनीच शिकवलेला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक पहारेकरी बाई बसल्या होत्या. त्या उठून आल्या. मला वाटलं फार जवळ गेलो म्हणून रागावणार. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं, दगडाकडे पाहिलं, आणि हलकेच म्हणाल्या, "सोऽन." जरा लांबवून.

मैत्रीण म्हणाली, "सोऽन."

बाईंनी मान डोलावली आणि परत जाऊन खुर्चीवर बसल्या.